फाइल बंद होण्याआधी

दुसरे महायुद्ध संपले तिथून पुढची दहा वर्षे, म्हणजे १९४५ ते १९५५, हा या पुस्तकाचा काळ. याच वर्षांत विमानप्रवास लष्करी अधिकारी आणि मूठभर श्रीमंत यांच्यापलीकडे गेला. विद्यार्थी, व्यापारी, खलाशी, फुटबॉलपटू, वार्ताहर विमानात बसू लागले. आणि याच वर्षांत विमाने पडत होती, आज कल्पना करवणार नाही इतक्या वारंवार. त्या अपघातांचे पुढे काय झाले, कोणी कशाचा शोध घेतला, कुठे खरे कारण हाती लागले आणि कुठे सोयीचे कारण पुढे करून विषय मिटवला गेला, हे सांगणे हा या लेखनाचा हेतू आहे.

युद्धाने विमानविद्येला दोन वारसे दिले. एक म्हणजे विमानांचा प्रचंड साठा. डाकोटा या दोन इंजिनांच्या विमानाचे दहा हजारांहून अधिक नमुने तयार झाले होते आणि शांतता होताच ते जगभर स्वस्तात विकायला निघाले. दुसरा वारसा तंत्राचा: जेट इंजिन, रडार आणि दाबयुक्त केबिन घेऊन फार उंचावरून उडण्याची शक्यता. पहिल्या वारशामुळे जुन्या यंत्रांवर नवा भार पडला. दुसऱ्यामुळे माणूस अशा उंचीवर आणि अशा वेगाने जाऊ लागला, जिथल्या हवेचे आणि धातूचे स्वभाव त्याला पुरते ठाऊक नव्हते.

आपल्याकडे पहिल्या वारशाचा परिणाम ठळक दिसला. अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेली डाकोटा विमाने घेऊन बघता बघता अनेक हवाई कंपन्या उभ्या राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५० मध्ये या धंद्याचा ताळेबंद मांडला. देशातल्या वाहतुकीच्या मानाने कंपन्या फार झाल्या आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. १९५३ मध्ये या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. याच डाकोटांवर १९४९ पासून रात्रीची टपालसेवा चालू होती. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास इथून निघालेली चार विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. डिसेंबर १९५३ मध्ये यातलेच एक विमान नागपूरहून उडाल्यावर लगेच कोसळले. सकाळी हातात पडणाऱ्या पत्रामागे कोणती जोखीम उभी होती, हे त्या पिढीला अधूनमधून असे कळत असे.

या काळातल्या अपघातांचा पहिला मोठा गट डोंगरांचा आहे. विमानात काहीही बिघाड नाही, इंजिने ठीक चालली आहेत, वैमानिक अनुभवी आहे, आणि तरी ढगात दडलेल्या डोंगरावर विमान आदळते. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान ऐन पावसाळ्यात सांताक्रूझला उतरण्याच्या प्रयत्नात होते. ते घाटकोपरच्या टेकडीवर आदळले आणि आतले पंचेचाळीसही जण गेले. त्यात इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे तेरा अमेरिकन पत्रकार होते. त्याच वर्षी ४ मे रोजी इटलीतल्या तुरीन शहराजवळ सुपेर्गाच्या टेकडीवर विमान आदळून तोरिनो हा त्या देशातला अव्वल फुटबॉल संघ जवळजवळ सगळाच नाहीसा झाला. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' आल्प्समधल्या माँ ब्लाँ या सर्वोच्च शिखराच्या कड्यावर आदळले आणि अठ्ठेचाळीस जण मरण पावले. त्यातले बहुतेक प्रवासी भारतीय खलाशी होते. याच विमानाने ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला जाऊन एअर इंडियाची युरोपची सेवा सुरू केली होती. मदतीसाठी शामोनीहून निघालेल्या पथकातला रने पायो हा वाटाड्या बर्फात गाडला गेला. ज्यांना त्याने कधी पाहिलेही नव्हते अशा माणसांसाठी तो गेला, म्हणून या पुस्तकात त्याला मानाची जागा दिली आहे.

हे अपघात समजून घ्यायचे तर त्या काळच्या वैमानिकाच्या हाती काय होते, ते डोळ्यांपुढे आणावे लागते. वेग माहीत, दिशा माहीत, किती वेळ उडालो ते माहीत. त्यावरून आपण कुठे असू याचा हिशेब मांडायचा. खाली दिसले तर खूण पटवायची, रेडिओ दीपस्तंभाचा संकेत मिळाला तर त्याच्याशी पडताळायचे. उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची सांगे. समोरच्या ढगात कडा आहे की मोकळी हवा, हे सांगणारे काही नव्हते. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र प्रवासी विमानांत यायला १९७० चे दशक उजाडले.

या गटातला सर्वांत बोलका अपघात दक्षिण अमेरिकेतला आहे. २ ऑगस्ट १९४७ रोजी 'स्टार डस्ट' हे ब्रिटिश विमान अकरा जणांना घेऊन ब्यूनोस आयरेसहून अँडीज पर्वत ओलांडून सँटिआगोला निघाले. चार मिनिटांत पोहोचतो आहोत, असा संदेश विमानातून आला आणि पुढे काहीच नाही. शोध घेतला, सापडले नाही. मग पन्नास वर्षे घातपातापासून परग्रहवासीयांपर्यंत सगळ्या कथा रचल्या गेल्या. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तुपुंगातो शिखराच्या हिमनदीने अवशेष बाहेर टाकायला सुरुवात केली, आणि सँटिआगोपासून कितीतरी अलीकडे, पर्वतरांगेतच ते विमान आदळल्याचे उघड झाले. सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे: फार उंचावरून वाहणारा जोरदार वारा, ज्याला आज आपण जेट स्ट्रीम म्हणतो, समोरून वाहत होता. जमिनीच्या मानाने विमानाचा वेग वैमानिकांच्या हिशेबापेक्षा पुष्कळ कमी पडला. पर्वत ओलांडला असे समजून त्यांनी ढगातून खाली यायला सुरुवात केली. युद्धात उंचावरून बॉम्बफेक करणाऱ्यांना हा वारा भेटला होता; प्रवासी वैमानिकाच्या रोजच्या हिशेबात मात्र त्याला जागा नव्हती.

दुसरा गट आगीचा. २४ ऑक्टोबर १९४७ रोजी युनायटेड कंपनीचे डग्लस डीसी-६ विमान अमेरिकेतल्या यूटा राज्यावरून जात असताना पेटले. वैमानिकाने आगीची खबर दिली, ब्राइस कॅन्यनच्या धावपट्टीकडे मोहरा वळवला. थोडेसे अंतर राहिले असताना विमान कोसळले आणि बावन्न जण गेले. आग लागली हे उघड होते. एवढ्यावर अहवाल लिहून मोकळे होता आले असते. पण अठरा दिवसांनी याच जातीचे दुसरे विमान पेटलेल्या अवस्थेत न्यू मेक्सिकोतल्या गॅलप इथे उतरले, सगळे जण वाचले आणि तपासनिसांना जवळजवळ आख्खे विमान तपासायला मिळाले. तेव्हा उलगडा झाला. उड्डाणात वैमानिक एका टाकीतले पेट्रोल दुसऱ्या टाकीत घेत. टाकी भरून वाहू लागली की जादा पेट्रोल हवा जाण्याच्या नळीतून बाहेर पडे. ही नळी अशा जागी होती, की बाहेर पडलेले पेट्रोल वाऱ्याच्या झोताबरोबर पोटाखालच्या एका तोंडाशी पोहोचे. ते तोंड केबिन गरम करणाऱ्या भट्टीला हवा पुरवत असे. म्हणजे पेट्रोल आपणहून भट्टीत शिरत होते. टाकी, नळी, भट्टी यांतला प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पाहिला तर निर्दोष. दोष त्यांच्या शेजाराचा. मार्च १९४८ पर्यंत ही सगळी विमाने जमिनीवर उभी राहिली आणि बदल करूनच पुन्हा उडाली.

तिसरा गट म्हणजे 'कॉमेट', आणि या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग त्याला दिला आहे. ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचे हे चार इंजिनांचे विमान जगातले पहिले प्रवासी जेट. २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गला त्याची पहिली सेवा निघाली. इतर विमाने वादळाच्या पातळीवर धडपडत असताना कॉमेट पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून, आतल्या प्रवाशांना फारसा आवाज न जाणवता, जात असे. त्यानंतरच्या दोन वर्षांत जे घडले ते क्रमाने पाहिले पाहिजे, कारण प्रत्येक पायरीवर एक उत्तर तयार होते.

ऑक्टोबर १९५२ मध्ये रोमला एक कॉमेट धावपट्टीवरून उठलेच नाही. माणसे वाचली, विमान निकामी झाले. उत्तर मिळाले: वैमानिकाने नाक फार वर उचलले. मार्च १९५३ मध्ये कराचीला दुसरे कॉमेट त्याच प्रकारे गेले, अकरा जण मरण पावले. उत्तर तेच. पुढे पंखाच्या पुढच्या कडेची ठेवण बदलावी लागली, म्हणजे यंत्राचा वाटा होताच. पण दोष तोवर माणसांच्या नावावर जमा झाला होता. मग २ मे १९५३, पहिल्या सेवेला बरोबर एक वर्ष पुरे झाले तो दिवस. कोलकात्याच्या दमदम विमानतळावरून दिल्लीला निघालेले कॉमेट सहा मिनिटांत, वळवाच्या तुफानात, हवेतच मोडले. जगलगोरी गावाजवळ अवशेष विखुरले आणि त्रेचाळीस जण गेले. वैशाखातले ते बंगाली वादळ साऱ्यांनी पाहिले होते, त्यामुळे वादळाने विमान मोडले हे कारण कोणालाही पटण्यासारखे होते. भारत सरकारच्या चौकशीचा निष्कर्षही तसाच निघाला. हा अपघात पुढच्या दोन अपघातांच्याच कारणाने झाला असे कोणी सिद्ध केलेले नाही, आणि या पुस्तकातही तसा दावा नाही. एवढेच म्हणायचे आहे की वादळ इतके डोळ्यांत भरणारे होते, की त्यामागे आणखी काही असेल हा प्रश्न मागे पडला.

१० जानेवारी १९५४ रोजी मात्र असे वादळ नव्हते. सिंगापूरहून येणारे कॉमेट रोमहून लंडनला निघाले आणि एल्बा बेटाजवळ समुद्रात पडले. पस्तीस जण गेले. त्यांत मुले होती. ते चालवणाऱ्या शोकाकुल हवाई कंपनीने आपली सगळी कॉमेट उभी केली. तज्ज्ञांची समिती बसली, शक्य त्या कारणांची यादी झाली. सर्वांत संभवनीय कारण आगीचे मानले गेले आणि साठच्या आसपास दुरुस्त्या झाल्या. २३ मार्चला सेवा पुन्हा सुरू झाली. सोळाव्या दिवशी, ८ एप्रिलला, रोमहून कैरोला निघालेले आणखी एक कॉमेट नेपल्सच्या दक्षिणेला समुद्रात गेले, एकवीस जणांसह. केलेल्या साठही दुरुस्त्यांत खरे कारण नव्हते.

इथून पुढे फार्नबरोच्या सरकारी संशोधन संस्थेत सर आर्नोल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली जे काम झाले, ते आधुनिक अपघात-तपासाचा पाया आहे. ब्रिटिश नौदलाने समुद्राच्या तळाशी दूरचित्रवाणी कॅमेरे सोडून अवशेष शोधले. पीसा इथल्या डॉक्टरांनी मृतदेह तपासले, तेव्हा फुप्फुसे फाटलेली आढळली. केबिनमधला दाब क्षणात नाहीसा झाल्याची ती खूण होती. केबिनच्या रंगाचे ओरखडे पंखावर सापडले, म्हणजे पंख जागेवर असताना केबिन आधी फुटली होती. पारदर्शक प्लास्टिकची छोटी केबिन करून, तिच्यात खुर्च्या आणि बाहुल्या बसवून, ती मुद्दाम फोडून पाहिली गेली.

आणि मग टाकी. एक आख्खे कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवले, पंख दोन्ही बाजूंनी बाहेर काढले. आत पाणी दाबून भरायचे, सोडायचे. पुन्हा भरायचे, पुन्हा सोडायचे. उंचावर जाताना केबिन फुगते, उतरताना सैल होते, त्याची ही नक्कल. पाणीच का, तर दाबलेली हवा फुटली असती तर बॉम्बसारखी सगळे उधळून गेली असती आणि तडा कुठून सुरू झाला ते कळले नसते. रात्रंदिवस हे चालले. जून १९५४ मध्ये, प्रत्यक्ष उड्डाणे आणि टाकीतल्या फेऱ्या मिळून ३,०५७ झाल्यावर, केबिनचा पत्रा फाटला. एल्बाजवळ पडलेल्या विमानाची दाबाखालची उड्डाणे १,२९० होती, नेपल्सच्या विमानाची ९००. तार पुन्हा पुन्हा वाकवली की कुठल्याही एका वाकवण्याने न तुटता अखेर तुटते, तसे मिलिमीटरपेक्षाही पातळ अॅल्युमिनियमचे झाले होते. खिडक्यांच्या आणि झडपांच्या कोपऱ्यांजवळ, रिव्हेटच्या भोकांपाशी ताण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त होता. चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडले, असे पुढे सगळीकडे सांगितले गेले. प्रत्यक्षात एल्बाच्या विमानाचा तडा छतावरच्या, रेडिओ अँटेनासाठी ठेवलेल्या झरोक्यापाशी सुरू झाला होता. सोप्या उत्तराची ओढ अशी, की खरे उत्तर मिळाल्यावरही त्याची सोपी आवृत्तीच लोकांत रुळली.

धातू थकतो हे कोणाला माहीत नव्हते, असे म्हणता येत नाही. २९ ऑगस्ट १९४८ रोजी अमेरिकेत विनोनाजवळ मार्टिन जातीचे विमान पंखातल्या अशाच तड्याने पडले होते आणि सदतीस जण गेले होते. नेव्हिल शूट या विमान अभियंता-कादंबरीकाराची 'नो हायवे' ही कादंबरी त्याच वर्षी आली, तिचा विषयच धातूचा थकवा होता. डी हॅविलंडनेही केबिनचा भाग हजारो वेळा फुगवून तपासला होता. पण तपासण्याआधी तोच भाग एकदा दुप्पट दाबाखाली घातला गेला होता. त्या अतिदाबाने कोपऱ्यांतला धातू ताणून इतका घट्ट झाला, की पुढे तो थकायला वेळ लागला. विक्रीच्या विमानांना असा अतिदाब मिळाला नव्हता. प्रामाणिकपणे घेतलेल्या चाचणीनेच खोटा दिलासा दिला. या पुस्तकातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच आहे, कारण इथे कोणी लबाडी केलेली नाही, कोणी हयगय केलेली नाही, आणि तरीही माणसे मेली.

लॉर्ड कोहेन यांच्यापुढे १९५४ च्या अखेरीस खुली चौकशी झाली, फेब्रुवारी १९५५ मध्ये अहवाल आला आणि जगातल्या प्रत्येक विमान कारखान्याला तो वाचता आला. कॉमेटची नवी आवृत्ती १९५८ मध्ये अटलांटिकवरून उडू लागली, त्याच वर्षी अमेरिकेचे बोइंग ७०७ही आले आणि बाजार त्याने जिंकला. ज्यांनी किंमत मोजली त्यांच्या ज्ञानाचा फायदा प्रतिस्पर्ध्यालाही झाला. प्रवाशांच्या दृष्टीने हे योग्यच झाले.

शेवटचा गट लहान आहे आणि त्यात एकच प्रकरण आहे. ११ एप्रिल १९५५ रोजी आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेसाठी निघालेले एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' दक्षिण चीन समुद्रात पडले, सोळा जण गेले. हा अपघात नव्हता, घातपात होता. चाकांच्या कप्प्यात टाइमबॉम्ब ठेवला होता. तरी तो इथे घेतला, कारण घातपात हा निष्कर्षही अवशेषांवरूनच काढावा लागतो, संशयावरून नाही. कॅप्टन जटार यांनी जळते विमान समुद्रावर उतरवले आणि ते स्वतः वाचले नाहीत. वाचलेल्या तिघांपैकी अभियंता कर्णिक यांनी पुढे त्या दिवसावर पुस्तक लिहिले. मराठी वाचकाने ही नावे विसरू नयेत.

या दशकाने दोन गोष्टी मागे ठेवल्या. १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने अपघात-तपासाचे नियम ठरवले. त्यांच्या आजच्या मसुद्यात स्पष्ट लिहिले आहे, की तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे. दोष वाटून देणे हा नाही. आणि मेलबर्नमध्ये डेव्हिड वॉरन या शास्त्रज्ञाला, कॉमेटच्या तपासावर विचार करताना, वाटले की वैमानिकांचे शेवटचे बोलणे कुठेतरी टिकून राहायला हवे होते. त्याचे वडील १९३४ मध्ये विमान अपघातातच गेले होते. त्याच्या यंत्राला आपण आज ब्लॅक बॉक्स म्हणतो.

या पुस्तकाची मांडणी कालक्रमाने न करता अपघाताच्या जातीप्रमाणे केली आहे, म्हणजे एका अपघाताने काय शिकवले आणि पुढच्याने काय खोडून काढले हे लागोपाठ वाचता येईल. सामान्य प्रवाशांची नावे दिलेली नाहीत. त्यांची कुटुंबे आजही आहेत. जिथे कारण निश्चित झालेले नाही, तिथे निश्चित झाल्याचा आव आणलेला नाही. तांत्रिक भाग सोपा केला आहे, पण गाळलेला नाही, कारण तो गाळला तर हाती केवळ हळहळ उरते, आणि हळहळीने पुढचे विमान वाचत नाही.

वाचकांना एक विनंती आहे. विमान पडले की पहिल्याच दिवशी कारण सांगणारे पुष्कळ भेटतात: वैमानिक चुकला, हवामान खराब होते, यंत्र जुने होते. कधी ते खरेही असते. पण रोम, कराची आणि एल्बा या तीन ठिकाणी पहिले उत्तर अपुरे किंवा चुकीचे ठरले, आणि एल्बाच्या चुकीच्या उत्तराची किंमत नेपल्सजवळ एकवीस माणसांनी दिली. म्हणून पहिल्या दिवसाच्या उत्तरावर थांबू नका. चौकशीचा अहवाल संपूर्ण प्रसिद्ध व्हावा असा आग्रह धरा, आणि तो प्रसिद्ध झाला की वाचा.